निळा वांडा आणि ‘उष्ण हवामान’: एका तळटीपेचं वाचन

आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. निळ्या फुलांचं ऑर्किड उष्ण हवामानात वाढवता येतं का? बागकामाची आवड असलेला कुणीही याचं उत्तर दोन वाक्यांत देईल. पण हाच प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारला, की त्याला फाटे फुटतात. ‘उष्ण’ म्हणजे नेमकं कुठलं? ते कुणी ठरवलं? आणि ठरवणाऱ्याने ती जागा बघितली होती का?

पेटची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण विचारतात, “प्राथमिक साधन वाचायचं म्हणजे करायचं काय?” व्याख्या पुस्तकांत मिळते. मी इथे एका पुस्तकातलं एक वर्णन आणि त्याखालची एक तळटीप तुमच्यासमोर ठेवतो. फूल सुंदर आहेच, पण आपल्याला जास्त उपयोग त्या तळटीपेचा आहे.

आधी झाडाची ओळख

आपण बोलतोय ते वांडा सीरुलिया या ऑर्किडबद्दल. इंग्रजी नाव ब्लू वांडा. हे ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड आणि चीनच्या युन्नान भागात डोंगरांवर सापडतं. झाडाच्या फांदीवर वाढतं, पण त्या झाडाचं अन्न खात नाही. आपल्याकडे फांदीवर काहीही उगवलं की त्याला ‘बांडगूळ’ म्हणायची सवय आहे; ती इथे बाजूला ठेवा. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाला लोंबत्या तुऱ्यांनी फुलणारी सीतेची वेणी बघितली असेल, तर या झाडांची राहणी तुम्हाला माहीत आहे. मुळं हवेत असतात, आधार फक्त सालीचा असतो आणि खाली माती नसते.

‘वांडा’ हा शब्दही आपल्याच बाजूचा. दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीसाठी संस्कृतात ‘वन्दा’ असा शब्द आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम जोन्स यांनी तो उचलला आणि पुढे तो वनस्पतिशास्त्रात कायम झाला. ‘सीरुलिया’ लॅटिन, म्हणजे आकाशी निळं. प्रत्यक्षात हे फूल फिकट आकाशीपासून जांभळट निळ्यापर्यंत कुठल्याही छटेचं असतं आणि पाकळ्यांवर गडद रेषांची जाळी असते.

आता नावाच्या पुढचा भाग बघा, जो आपण बहुतेक वेळा वाचतच नाही. वनस्पतिशास्त्रात या प्रजातीचं पूर्ण नाव लिहिताना शेवटी ‘ग्रिफिथ एक्स लिंडली’ असं येतं. म्हणजे नाव विल्यम ग्रिफिथ यांचं, पण ते रीतसर छापलं जॉन लिंडली यांनी. ग्रिफिथ ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर. त्यांना हे झाड १८३७ मध्ये खासी टेकड्यांच्या प्रदेशात दिसलं. ते १८४५ मध्ये वारले. लिंडली यांनी लंडनमधून नाव प्रसिद्ध केलं १८४७ मध्ये. पाहणारा एक आणि लिहिणारा दुसरा, मधे दहा वर्षं आणि दोन खंडांचं अंतर. हे अंतर लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच अंतरात घडते.

काचघरातला ‘भारत’

त्या काळात इंग्लंडमधल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलेलं होतं. त्यासाठी काचेची गरम घरं बांधली जात. त्यांना ‘स्टोव्ह’ म्हणत. कोळशावर पाणी तापवून ते नळ्यांतून फिरवायचं, आत सतत दमट उष्मा ठेवायचा, ऊन अडवायचं, दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. याच लिंडली यांनी १८३० च्या सुमारास उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडसाठी भरपूर उष्णता, दाट सावली आणि ओलावा असा सल्ला दिला होता. त्यांचा शब्द मोठा होता. माळ्यांनी तो पाळला.

यामागचं तर्कशास्त्र बघा. ऑर्किड भारतातून येतं. भारत उष्ण देश आहे. म्हणून ऑर्किडला उष्णता हवी. प्रत्येक पायरी खरी वाटते. पण ‘भारत’ या शब्दात सखल भागातलं कोलकाता आणि हिवाळ्यात दव गोठवणाऱ्या टेकड्या एकत्र बसल्या आहेत, हे त्यात कुठेच येत नाही. जहाजाच्या कागदांवर बंदराचं नाव असतं, झाड कुठल्या उंचीवर वाढलं ते नसतं. मग झाडं मरत राहिली. बागायतदारांनी ती ‘वाढवायला कठीण’ ठरवली.

हुकर काय लिहितो

जोसेफ डाल्टन हुकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० मध्ये मित्र थॉमस थॉमसनबरोबर खासी टेकड्यांत होता. त्याचं ‘हिमालयन जर्नल्स’ हे दोन खंडांचं प्रवासवर्णन १८५४ मध्ये आलं. दुसऱ्या खंडात लेर्नाई नावाच्या गावाजवळच्या ओकच्या रानाचं वर्णन आहे. तिथे हा निळा वांडा वाऱ्यावर डोलत होता.

हुकरचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. जागा ३,००० ते ४,००० फूट उंचीची, म्हणजे साधारण आपल्या माथेरानपेक्षा उंच आणि महाबळेश्वरपेक्षा कमी. टेकड्या गवताळ आणि कोरड्या. झाडं लहान, वेडीवाकडी, पानं विरळ; त्यामुळे फांदीवरच्या वांडाला ऊन, पाऊस, वारा सगळं थेट लागतं. सालीवर शेवाळ नाही. पावसाळ्यात हवा खूप दमट, पण कोंदट उष्मा कधीच नाही. बहराच्या दिवसांत तापमान ६० ते ८० फॅरनहाइट, म्हणजे अंदाजे १६ ते २७ अंश सेल्सिअस. दिवसा हवाही कोरडी आणि सालही कोरडी. हिवाळ्यात मात्र पारा बराच खाली जातो आणि जमिनीवर दव गोठतं.

एवढं सांगून तो म्हणतो की हिवाळ्यातली थंडी, शरदातला कोरडेपणा आणि सतत खेळती हवा, नेमक्या याच गोष्टींपासून इंग्लंडमध्ये आम्ही ऑर्किड जपून ठेवतो.

तीन गोष्टींमुळे हे वर्णन चांगलं साधन ठरतं. एक, लेखक स्वतः तिथे उभा होता. दोन, तो आकडे देतो: उंची, तापमान, ऋतू. तीन, तो आपल्याच लोकांच्या समजुतीविरुद्ध लिहितो. आपल्या गटाला न आवडणारी गोष्ट सांगणाऱ्या साक्षीदाराचं वजन थोडं जास्त धरावं, हा साधनचिकित्सेतला जुना नियम आहे.

आता तळटीप

पण पान इथे संपत नाही. खाली तळटीप आहे आणि तिचा सूर एकदम बदलतो. हुकर सांगतो: आम्ही लंडनच्या क्यू उद्यानासाठी या झाडाची सात माणसांची ओझी गोळा केली, पण इंग्लंडला फार थोडी झाडं जिवंत पोचली. एका गृहस्थाने जागा बघायला आपला माळी आमच्याबरोबर दिला होता. त्याने एका माणसाचं ओझं विक्रीसाठी पाठवलं. माल वाईट अवस्थेत पोचला, तरी ३०० पौंडांना गेला. एकेका झाडाला ३ ते १० पौंड मिळाले. सगळी जिवंत पोचती तर १,००० पौंड झाले असते. आणि एखाद्या चपळ संग्राहकाला खासी ऑर्किड विकून एका हंगामात २,००० ते ३,००० पौंड सहज सुटतील.

पेन्सिल घ्या. सगळी झाडं १० पौंडांना गेली असं धरलं तर ३०० पौंडांत ३० झाडं होतात. सगळी ३ पौंडांना गेली असं धरलं तर १००. म्हणजे विकली गेलेली झाडं ३० ते १०० च्या मधे कुठेतरी. हुकरने ही संख्या दिलेली नाही, पण त्याच्याच आकड्यांतून ती निघते. किमतीच्या हिशेबाने एका ओझ्यातला जेमतेम तिसरा हिस्सा वाचला. आणि ही ‘यशस्वी’ म्हणून सांगितलेली खेप आहे.

पुढे जाऊ. एका ओझ्याचे १,००० पौंड, तर क्यूच्या सात ओझ्यांचे ७,००० व्हायला हवेत. मग चपळ संग्राहकाला हंगामात फक्त २,००० ते ३,००० च का? कदाचित खर्च वजा केलेला असेल, कदाचित वाटेत मरणारी झाडं धरलेली असतील, कदाचित माल वाढला की भाव पडणार हे त्याला ठाऊक असेल. यातलं कुठलंही खरं असलं तरी एक गोष्ट उरते: इथे वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखणीतून व्यापाऱ्याचा हिशेब बोलतोय.

याच प्रसंगात आणखी एक तपशील येतो. त्यांनी फुलांचे ३६० तुरे तोडून आणले होते. व्हरांड्यात त्यांचे तीन ढीग झाले, प्रत्येक सुमारे एक यार्ड उंच. आणि हुकरला हळहळ कशाची वाटते? यातला एकसुद्धा तुरा लंडनच्या चिझिकमधल्या पुष्पप्रदर्शनात नेता येत नाही, याची.

आणि ती सात ओझी ज्यांच्या पाठीवर होती, ती माणसं? तळटीपेत त्यांची नावं नाहीत. ‘सात माणसांची ओझी’ हे तिथे वजनाचं माप आहे. कुठल्या फांदीवर चढायचं, झाड कसं सोडवायचं, हे हातांना माहीत असलेली माणसं साधनात फक्त मोजमाप म्हणून शिल्लक राहिली. वसाहतकाळातली कागदपत्रं वाचताना हे तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. माणूस संख्येत असतो आणि वाक्याच्या कर्त्यात नसतो.

पत्र वेगळं, पुस्तक वेगळं

आता दुसरं साधन शेजारी ठेवू. त्याच १८५० साली हुकरने टेकड्यांतून क्यूला पाठवलेलं एक पत्र आहे. त्यात तो संग्राहकांची यादीच देतो. अनेक साहेबांची माणसं एकाच वेळी रानात शिरलेली आहेत. इंग्लंडच्या व्हीच नर्सरीचा थॉमस लॉब आहे. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख फाल्कनर यांची वीस-तीस माणसं आहेत आणि त्यांनी नुकत्याच १,००० टोपल्या खाली धाडल्या आहेत. रस्त्याकडेची रानं ओकीबोकी होत चालली आहेत. मैलोन्मैल कुजक्या फांद्या आणि ऑर्किड पसरलेले, जणू वादळ येऊन गेलंय.

हे पत्र आणि ती तळटीप एकाच माणसाची. पत्रात रान उघडं पडल्याची नोंद आहे. चार वर्षांनी छापलेल्या पुस्तकात तेच रान किती पौंडांचं आहे ते आहे. हुकर ढोंगी होता असा निकाल लगेच देऊ नका. तसा निकाल सोपा असतो आणि त्यातून पुढचा प्रश्न निघत नाही. कागद कुणासाठी लिहिला होता, हे आधी विचारा. पत्र उद्यानातल्या जाणकारांसाठी होतं. पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकांसाठी होतं आणि त्या वाचकांत ऑर्किडचे शौकीन होते. एकाच घटनेची दोन साधनं मिळाली की त्यांतला फरक हाच तुमचा मजकूर.

इकडे लॉबने पाठवलेलं झाड १८५० च्या अखेरीस व्हीच यांच्या नर्सरीत फुललं आणि लंडनमध्ये त्याचा गाजावाजा झाला. मागणी वाढली. पुस्तकातली हवामानाची माहिती आणि नफ्याची माहिती, दोन्ही सर्वांसमोर होत्या. त्यातली दुसरी वापरायला काचघराची रचना बदलावी लागत नव्हती.

मग खरोखरच्या उष्ण देशांत काय झालं?

इंग्लंडची अडचण कृत्रिम उष्णतेची होती. पण मुंबई, बँकॉक, होनोलुलू किंवा मनिला इथे उष्णता विकत आणावी लागत नाही. तिथे निळा वांडा बहरायला हवा होता. मूळ प्रजाती मात्र सखल उष्ण भागात बहुधा कुढत जगते आणि फुलायला कुरकुर करते. कारण हुकरच्या पानावरच आहे. मुंबईत मे महिन्यात रात्रीचं किमान तापमानच २७ अंशांच्या आसपास असतं. खासी टेकड्यांवर बहराच्या दिवसांत तो कमाल आकडा होता! ऊन, वारा, पाऊस हे सगळं आपण देऊ शकतो. हिवाळ्यातल्या थंड रात्री कुठून आणणार?

उत्तर आलं ते हवामान बदलून नाही, झाड बदलून. १८८२ मध्ये फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरून एक दुसरा वांडा युरोपात पोचला. फ्रेडरिक सँडर या इंग्लंडमधल्या व्यापाऱ्याच्या नावाने त्याला सँडेरियाना म्हणतात. फिलिपिन्समध्ये त्याचं नाव वालिंग-वालिंग. त्याचं फूल मोठं, गोल, सपाट, गुलाबी-तपकिरी. ते निळं नाही. पण हे झाड सखल, उष्ण, दमट रानातलं. एकाकडे रंग आणि दुसऱ्याकडे उष्णता सोसायची ताकद.

या दोघांचा संकर ‘वांडा रॉथशिल्डियाना’ या नावाने नोंदला गेला १९३१ मध्ये. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. एवढा वेळ का? एक मोठं कारण बियांत आहे. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात साठवलेलं अन्न जवळपास नसतं. निसर्गात ते रुजतं ते विशिष्ट बुरशीच्या मदतीने. हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखलं. १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसनने साखर आणि क्षार घातलेल्या आगारवर, बुरशीशिवाय, बी रुजवायची पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधीही संकर होत होते, पण कुंडीत बी टाकून नशिबावर सोडायचं आणि मोजकी रोपं हाती यायची. बाटलीतल्या आगारने ते गणित बदललं.

आज बाजारात मिळणाऱ्या निळ्या वांडांपैकी बहुतेकांच्या वंशावळीत हे दोघं कुठेतरी असतात. पुढे अॅस्कोसेंट्रम हे लहान चणीचं ऑर्किडही संकरात आलं. ‘प्रिन्सेस मिकासा’ हा लोकप्रिय निळा प्रकार त्या घराण्यातला. थायलंड आणि हवाईतल्या बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत फूल मोठं, गोल आणि गडद केलं.

संकरांची वंशावळ शोधायची असेल तर तिचंही दप्तर आहे. सँडर यांच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून संकरांच्या याद्या ठेवल्या आणि १९६१ पासून ते काम ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करते. एका व्यापाऱ्याचं खातं जगाचं नोंदपुस्तक झालं.

तुमच्या गॅलरीत

हा ब्लॉग बागकामाचा नाही, तरी विचारलं जाईलच म्हणून सांगतो. कोकण, मुंबई किंवा गोव्यात निळा वांडा हवा असेल तर नर्सरीतून संकर घ्या. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत, माती न घालता, मुळं मोकळी लोंबती ठेवून टांगा. शेडनेटखाली भरपूर उजेड हवा, दुपारचं कडक ऊन नको. पाणी रोज, मुळं ओली झाली की हिरवी दिसतात, सुकली की रुपेरी. दोन पाण्यांमधे ती रुपेरी व्हायला हवीत. वारा खेळता हवा आणि मधल्या कोंबात पाणी साचून राहता कामा नये, नाहीतर कोंब कुजतो. हे सगळं परत वाचा: ऊन, वारा, कोरडी होणारी मुळं. १८५४ च्या पुस्तकातलंच आहे.

आणखी एक. दुकानात फॅलेनॉप्सिसचं झगझगीत निळं फूल दिसलं तर ते बहुधा दांड्यात रंग सोडून केलेलं असतं. पुढचा बहर पांढरा येतो.

रानातून झाड आणायचा विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने ज्या मोजक्या वनस्पतींना संरक्षण दिलं, त्यांत ब्लू वांडा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातही तो आधी सगळ्यात कडक यादीत, परिशिष्ट १ मध्ये होता. २००४ च्या बँकॉक बैठकीत परिशिष्ट २ मध्ये आला. बाटलीत रुजवलेली रोपं मुबलक मिळत असताना फांदीवरून झाड ओरबाडायचं कारण तसंही उरलेलं नाही.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

आता तुमच्या विषयाकडे वळा. तुमच्या विषयात ‘उष्ण’सारखा एक शब्द नक्की असेल, जो सगळे वापरतात आणि कुणी उघडून बघत नाही. ‘दुष्काळी’, ‘मागास’, ‘पारंपरिक’, ‘ग्रामीण’. तो घ्या आणि त्याला हुकरसारखे प्रश्न विचारा. किती उंचीवर? कुठल्या महिन्यात? रात्री काय होतं? हा शब्द पहिल्यांदा वापरणारा तिथे गेला होता, की बंदराचं नाव वाचून बोलत होता?

मग हुकरने न विचारलेला प्रश्नही विचारा: ओझं कुणी उचललं? तळटीप ते सांगत नसेल तर साधन बदलावं लागेल. वनखात्याचे अहवाल, उद्यानांचे पावती-हिशेब, जहाजांच्या याद्या, आणि त्या गावांत आजही सांगितल्या जाणाऱ्या आठवणी. खासी भाषा येणाऱ्या कुणीतरी हा विषय घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे. रस्त्यावर पडलेल्या त्या कुजक्या फांद्यांकडे तिथल्या माणसांनी कसं पाहिलं, हे क्यूच्या दप्तरातून कळणार नाही.

आज एवढंच करा: तुमच्या मुख्य संदर्भग्रंथातली एक तळटीप निवडा, तिच्यातले आकडे वहीत उतरवा आणि बेरीज-वजाबाकी करून बघा. काही जुळलं नाही तर खाली लिहा, आपण मिळून बघू.